फॉल येतोय
ओल्या पानांचा वास आला की मला अजून धस्स होतं. मिशिगनमधला पहिलाच उन्हाळा, बाळाला मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसलेले, सकाळपासून नुसतं ऊन, पाऊस, परत ऊन, शेजारची आजी म्हणाली, आमच्या आयर्लंडसारखंच, मग एकदम गार वारा सुटला तशी बाळाच्या उघड्या पायांकडे बघून म्हणाली, "फॉल इज कमिंग," आणि मला फॉल म्हणजे पडणं एवढंच ठाऊक, मी बाळाला असं आवळलं की ते रडायलाच लागलं. आजी हसली नाही, पिवळं पान उचलून दाखवलं, फॉल म्हणजे ही पानगळ, आपली शाल आमच्यावर टाकली. गेल्या थंडीत त्याच पायरीवरून आजी पडली, ती हॉस्पिटलमधून परत घरी आलीच नाही. आज वारा सुटला तसा तोच पोरगा, आता शाळेत जाणारा, म्हणाला, "मम्मी, इट्स जस्ट फॉल," पण मी त्याचा हात सोडला नाही.