संत्र्याच्या रसातली साखर

चष्मेवाल्यांना उभ्या आयुष्यात पाव नंबरची चूक खपली नव्हती. भिंग घासायला बसले की जेवणाची शुद्ध राहायची नाही. पण घरातल्या एका ग्लासापायी त्यांनी तीन महिने धडधडीत खोटेपणा केला.

बायकोला मधुमेह निघाला. जन्मभर गणित शिकवलेली बाई ती. पथ्यही गणितासारखंच पाळू लागली आणि अर्ध्या पोटी उठू लागली. ते यांना बघवेना. मग रोज दुपारी दुकानातून घरी येऊन ते मिक्सर लावू लागले. दोन संत्र्यांचा गाळलेला रस, अर्धी वाटी दूध, बर्फ, व्हॅनिलाचे दोन थेंब. वर बोटभर फेस यायचा. पहिल्या दिवशी तिनं तोंड वाकडं करून अर्धा ग्लास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी तिची पाठ वळताच यांनी चार चमचे साखर टाकली. ग्लास रिकामा झाला.

"साखर नाही ना घातली?"

"छे. संत्रीच गोड निघाली."

रक्त तपासलं तर साखर वाढलेली. गोळ्या वाढल्या. तिनं रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं, पायाला फोड येईस्तोवर चालली. पुढच्या खेपेला आकडा आणखी वर.

"आता इंजेक्शन घ्यावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिनं मान खाली घातली. "माझंच चुकलं असेल. परवा शेजारी एक बिस्किट खाल्लं होतं."

चष्मेवाले खुर्चीत पुढे सरकले. "बिस्किटानं नाही झालं ते," ते म्हणाले. "रसात मी साखर घालतो. रोज चार चमचे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "साखर नसती घातली, तरी असा रस रोज पिणं बरं नव्हतं. चोथा काढला की गोडवा तेवढा उरतो, आणि तो लगेच रक्तात उतरतो. त्यापेक्षा एक संत्रं सोलून खा."

घरापर्यंत ती चार पावलं पुढेच चालली. दारात चपला काढताना म्हणाली, "गोळ्या वाढल्या, तेव्हाही गप्प बसलात?"

"तू आवडीनं पीत होतीस, म्हणून..."

"मी तुमच्या भरवशावर पीत होते."

पुढे आकडे उतरले, इंजेक्शन टळलं. ती पहिल्यासारखी बोलू लागली, हसूही लागली. फक्त यांनी काही खायला पुढे केलं की विचारते, "यात काय काय घातलंय?" टोमणा नसतो त्यात. आणि ते खाली बघत, चिमूटभर मिठासकट सगळं सांगतात.