डच गावाची पांढरी

भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर हॉलंडमधल्या नदीकाठच्या एका लहानशा गावच्या होत्या. तोंडी परीक्षेत प्रत्येकीने एकेका गावाची सुरुवात सांगायची होती. माझ्या वाट्याला त्यांचंच गाव आलं. आदल्या परीक्षेत मी नुसती उभी राहिले होते. पुन्हा तसंच झालं तर वरचा वर्ग मिळणार नव्हता.

सिस्टरनी सांगितलेलं सगळं पाठ होतं. सपाट मुलूख, हिवाळ्यात नदीला पूर. पहिले लोक काठावरच्या जरा उंच जागी राहिले. शेण, माती, राख टाकत गेले, पडलेल्या घरावरच नवं घर बांधत गेले. होता होता टेकाड झालं, त्यावर चर्च उभं राहिलं. नदीला बांध पुष्कळ नंतर आले.

शिवाजीनगरच्या आमच्या घरी मी हे वडिलांना इंग्रजीत म्हणून दाखवलं. अण्णा मूळचे बेळगावकडचे.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "ही तर गावाची पांढरी."

"म्हणजे?"

"कॉन्व्हेंटात घालून पोर ढ झाली. अगं, शेत ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. पडक्या भिंती, चुलीची राख मुरून माती पांढुरकी होते. खत म्हणून शेतात नेतात ती."

परीक्षेत मी पाठ केलेलं न अडखळता म्हटलं आणि शेवटी इंग्रजीत जोडलं, "आमच्या भाषेत याला 'द व्हाइट' म्हणतात."

"हॉलंडात सगळेच व्हाइट," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

एरवी मी खाली बसले असते. पण शब्द बरोबर होता, चुकलं होतं ते माझं भाषांतर. मी फळ्यावर 'पांढरी' लिहिलं आणि राखेपासून खतापर्यंत सगळं समजावून सांगितलं. हसणं थांबलं.

"आमचं टेकाडही असंच खणून शेतांत नेलं," सिस्टर म्हणाल्या. "चर्चखालचं तेवढं उरलं. काय म्हणालीस, पांडरी?"

"ड नाही, सिस्टर. ढ."

"ड."

"ढ, सिस्टर, ढ."

घरी आल्यावर अण्णांना सांगितलं. ते चहाचा कप हातात धरून हसत राहिले.

"भर वर्गात सिस्टरना ढ म्हणालीस? आणि तरी पास केलं तुला?"

"केलं," मी म्हटलं.