पोटुशी बाईला दारूचं कसं विचारावं

परळच्या एका धर्मादाय इस्पितळात मुलांच्या वाढीचं क्लिनिक होतं. तिथे मी सोशल वर्कर म्हणून लागले तेव्हा गिरण्यांच्या संपाला तेरा-चौदा वर्षं होऊन गेली होती. लालबागला आमच्या चाळीत निम्मे बाप्ये अजूनही गिरणी सुरू होण्याची वाट बघत गॅलरीत बसलेले असत. त्यांत माझे वडीलही होते. पोरीला इस्पितळात नोकरी लागली एवढंच त्यांना कळलं होतं. शेजारी विचारत, ‘नर्स की डॉक्टर?’ मी म्हणे, ‘समाजसेविका.’ मग ते विचारत, ‘कुठल्या पक्षाची?’

क्लिनिकमध्ये आम्ही तिघंच होतो. मुलांच्या डॉक्टर असलेल्या मॅडम, दादरहून येणारे मानसशास्त्रज्ञ सर आणि मी. मॅडम परदेशातून एक प्रशिक्षण घेऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी, ओपीडी संपल्यावर त्यांनी आम्हाला बसवून घेतलं. विषय असा होता की आई गरोदरपणात दारू प्यायली तर पोटातल्या मुलाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. मूल दिसायला धडधाकट असतं, पण त्याच्या ध्यानात काही राहत नाही, दोन गोष्टी एकदम सांगितल्या की गोंधळतं, हिशेब जमत नाहीत, आणि सगळे त्याला आळशी नाहीतर द्वाड म्हणत राहतात.

“आपल्याकडे अशी मुलं नसतील असं समजू नका,” मॅडम म्हणाल्या. “आपण कधी विचारलंच नाही, म्हणून सापडली नाहीत.”

त्यांनी एक पारदर्शक पट्टी काढली. तिने डोळ्याची लांबी मोजायची. मग फोटोंचा एक कागद काढला. नाकाखालची खोबण आणि वरचा ओठ त्या फोटोंशी ताडून बघायचा. आधी एकमेकांवर सराव करायचा होता. माझे डोळे दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा वेगळे भरले. सरांची पाळी आली तेव्हा मॅडमना त्यांचा वरचा ओठ काही सापडेना. सरांना भरघोस मिशी होती.

“ही काढावी लागेल,” मॅडम सहज म्हणाल्या.

सर एकदम उभे राहिले. “मॅडम, माझे वडील हयात आहेत!”

मॅडम दक्षिण मुंबईत इंग्रजीत वाढलेल्या. मिशीचा आणि वडिलांचा काय संबंध, हे त्यांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. सरांचा ओठ शेवटी तसाच राहिला.

पट्टी काय, सरावाने जमली. खरी अडचण प्रश्नाची होती. आईला विचारायचं कसं? मराठी करायचं काम सरांकडे गेलं, कारण त्यांचं मराठी पुणेरी होतं. त्यांनी लिहिलं, ‘गरोदर असताना आपण मद्यप्राशन करीत होतात काय?’ मॅडमना ते फार भारदस्त वाटलं. वॉर्डातल्या एका बाईला मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

“मध?” ती हसली. “हो तर. माझ्या सासूबाईंनी बाळाला सोन्याच्या अंगठीनं चाटवला.”

मग मी सोपा प्रश्न बनवला. ‘तुम्ही घेता का?’ आमच्या चाळीत ‘तो घेतो’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मी दुसऱ्या बाईला विचारलं.

“नको हो ताई,” ती संकोचून म्हणाली. “आत्ताच घेतला. बरोबर खारी पण खाल्ली.”

घरी आईवर प्रयोग करावा म्हणून एका संध्याकाळी ती सुके बोंबील साफ करत बसली होती तेव्हा मी विचारलं, “आई, माझ्या वेळी तू कधी दारू घेतलीस का?”

आईच्या हातातला बोंबील तसाच राहिला. “तुका येड लागला काय गो? माका इचारतंस? बापाशीक इचार!”

वडिलांनी पेपर आणखी वर धरला.

मी तिला सगळं समजावलं. इस्पितळाचं काम आहे, सगळ्यांनाच विचारायचं आहे, कुणाला दोष द्यायचा नाही. आई जरा विचारात पडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “दाढ दुखत व्हती. सासूबायन ब्रांडीचो कापूस दिल्यान ठेवूक.”

“मग?”

“ठेवलंय.”

“आणि?”

“जरा चोखलंय.”

पेपर खाली आला. तीस वर्षं संसार केलेला माणूस बायकोकडे असा बघत राहिला, जणू ती एकटीच बारमध्ये जाऊन आली होती. “माका कधी बोललंस नाय ता,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि कुतूहल जास्त होतं. “कशी लागली?”

पुढचे काही दिवस मी केस विंचरताना आरशात स्वतःच्याच नाकाखालची खोबण तपासत होते. शेवटी मॅडमना विचारलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

एवढ्या तयारीवर मॅडमनी इतर दवाखान्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं. गिरगाव, दादर, शीव अशा ठिकाणांहून डॉक्टर आणि नर्सेस आल्या. सकाळी पट्टी आणि फोटो, दुपारी प्रश्न विचारण्याचा सराव. आईचं काम करायला एकही नर्स तयार होईना. शेवटी मॅडमनी सरांकडे बघितलं. मी सरांच्या शर्टात इस्पितळाची उशी खोचली. पोट, मिशी आणि चष्मा असे ते खुर्चीत बसले. डॉक्टर म्हणून पुढे आले ते गिरगावातले एक वयस्कर फॅमिली डॉक्टर. त्यांच्यासमोर अख्ख्या गल्लीने जीभ बाहेर काढलेली होती.

“काय गं, काय होतंय?” त्यांनी दरडावून विचारलं.

“मला तिसरा महिना आहे, डॉक्टर,” सर नम्रपणे म्हणाले.

“तिसऱ्याच्या मानानं पोट मोठं आहे. दारू पितेस?”

सरांनी मान खाली घातली. “कधीकधी.”

“लाज नाही वाटत? चांगल्या घरातली दिसतेस!”

सगळे खो-खो हसले. मॅडमनी थांबवलं. “डॉक्टर, दोष नाही द्यायचा. तिला एकदा लाज वाटली की ती पुन्हा येणार नाही, आणि आली तरी खरं सांगणार नाही. पुन्हा करा.”

“बरं. दारू पितेस? पी बाई, पी. मला काय, पोर तुझं आहे.”

“डॉक्टर!”

तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा काढला. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, “बाळ, घरी कसं चाललंय सध्या? फार त्रास झाला की काय करतेस तू?”

सरांनी नाक ओढलं. बघतो तर त्यांचे डोळे भरून आलेले. आता कुणी हसलं नाही. नंतर सर सांगत होते की उशीला डांबरगोळीचा वास होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं. आम्ही ते मान्य केलं.

पुढच्या आठवड्यात आमचं पहिलं खरं कुटुंब आलं. चिंचपोकळीच्या एका चाळीत राहणारी बाई आणि तिची बारा वर्षांची मुलगी. बाई एका कँटीनमध्ये चपात्या लाटायची. मुलगी दुसऱ्यांदा एकाच इयत्तेत बसली होती आणि शाळेने आता घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. मुलगी बोलकी. आल्या आल्या तिने माझ्या साडीची किंमत विचारली आणि जास्त दिलेत म्हणून सांगितलं.

सर तिला शेजारच्या खोलीत तपासायला घेऊन गेले. चाचणी साधी होती. “मी सांगतो ती तीन कामं कर,” ते म्हणाले. “दार लाव, टेबलावरची पेन्सिल उचल आणि मला आणून दे.” तिने मान डोलावली आणि दार लावलं. बाहेरून. पेन्सिल आत राहिली, सरही आत राहिले. थोड्या वेळाने ती फाटकापाशी रखवालदाराच्या डब्यातली भाकरी खाताना सापडली. “सरांनी दार लावायला सांगितलं,” ती म्हणाली. “लावलं.”

इकडे मी आईसमोर बसले होते. मॅडम बाजूला. विचारायची पद्धत आम्ही पाठ केली होती. आधी जेवण, मग झोप, मग चहा, मग मिसरी, आणि अगदी शेवटी, हळूच, दारू.

“ही पोटात असताना तुमचं जेवणखाण कसं होतं?” मी सुरुवात केली.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्हाला दारूचं विचारायचंय ना?”

माझी सगळी पद्धत तिथेच संपली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मागच्या बुधवारी मी चुकून आले होते. क्लिनिक बंद होतं. पोरीला भूक लागली म्हणून बाहेर बाकड्यावर बसलो. मध्ये नुसतं प्लायवूड, सगळं ऐकू येतं.” तिने पदर सारखा केला. “आत एक बाप्या पोटुशी होता. त्याला डॉक्टर ओरडत होता. मी म्हटलं, चला घरी, इथे आपलं काम नाही. पण मुलीचा डबा संपेना. मग तिसऱ्यांदा डॉक्टरनी बरं विचारलं. तो बाप्या रडला वाटतं. तेव्हा मी ठरवलं, यायचं.”

मॅडमना हसावं की काय करावं ते कळेना. मला तर नाहीच.

मग ती सांगू लागली, डाळ निवडावी तसं शांतपणे. संपानंतर नवरा गावाला गेला, परत आला, पुन्हा गेला. घरात काही नव्हतं. चाळीच्या मागे एक जण हातभट्टीची दारू आणून द्यायचा, ती विकायला बसली. “विषारी दारूनं माणसं गेल्याच्या बातम्या यायच्या. गिऱ्हाईक घाबरायचं. म्हणायचं, वहिनी, आधी तुम्ही घ्या. मग मी पहिला घोट घ्यायचे. गिऱ्हाईकागणिक घोट. ही पोटात होती तेव्हा पण. दुसऱ्याच्या जिवासाठी प्यायचे मी. मला वाटायचं, पुण्याचंच काम आहे.” ती जराशी हसली. “पुढे तसं नाही राहिलं. सवय लागली. ही चालायला लागली तेव्हा सोडली.”

“दवाखान्यात कुणी विचारलं नाही?” मॅडमनी विचारलं.

“लोहाच्या गोळ्या दिल्या. वजन केलं. दारूचं कोण विचारणार? मी काय बाप्या आहे?”

मग तिने मॅडमकडे सरळ बघितलं. “माझ्यामुळे झालं का?”

हा प्रश्न आमच्या सरावात नव्हता. आम्ही विचारायचं शिकलो होतो, उत्तर द्यायचं राहिलं होतं. मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्यांचं मराठी नेहमी अडखळायचं, त्या दिवशी जास्तच अडखळलं. “सगळं तपासून मग सांगते. दारूमुळे झालं असू शकतं. तुम्हाला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही, ती आमची चूक. पण तुम्ही आज बोललात ना, त्यानं हिला मदत होणार आहे. खरंच होणार आहे.”

तेव्हा ती रडली. मीही. तेवढ्यात रखवालदार मुलीचा हात धरून आत आला आणि म्हणाला, “ही कुणाची? अर्धी भाकर खाल्ली माझी.”

उंची, वजन, डोकं, डोळे, ओठ, सरांच्या चाचण्या, सगळं होऊन निदान झालं, दारूचाच परिणाम होता. आता शाळा. मी आणि तिची आई तिच्या वर्गाच्या बाईंना भेटायला गेलो. मी समजावलं, तिला पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, रोजचा क्रम बदलू नका. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वर्गाकडे हात केला. आत एक मुलगा खिडकीवर चढला होता आणि दोघी एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. “एका वेळी एकच?” बाई म्हणाल्या. “मला पण कुणीतरी एका वेळी एकच द्या.” पण पुढचा बाक त्यांनी दिला. काही दिवसांनी त्यांनी मला गाठून सांगितलं की एकच गोष्ट सांगायची युक्ती सगळ्या वर्गाला लागू पडते, हेडमास्तरांना सोडून.

घरात आईने भिंतीवर चित्रं चिकटवली. कंगवा, डबा, दप्तर, चप्पल. चित्रं मुलीनेच काढली होती, म्हणून कंगवा मोठा आणि दप्तर इवलंसं. तिची आत्या म्हणायची, लाडावून ठेवलीय. आई म्हणायची, “तिच्या डोक्याला तसं जमतं. माझ्यामुळे झालंय, मीच जमवणार.” मॅडमना हे वाक्य आवडायचं नाही. त्या प्रत्येक भेटीत तिला त्यावरून दटावायच्या, आणि ती प्रत्येक भेटीत ते पुन्हा म्हणायची.

मुलगी सातवी झाली. पुढे नाही. एका शिवणाच्या कारखान्यात लागली, तिथे कुणाच्याही सांगण्यावरून कामं सोडून जायची म्हणून काढलं. मग पाकिटं भरायच्या ठिकाणी, तिथेही नाही टिकली. मधली वर्षं कठीण गेली, आई माझ्याकडे येऊन नुसती बसायची. मग ती स्वतःच पोळी-भाजी केंद्र चालवायला लागली आणि मुलीला हाताशी घेतलं.

परवा दादरच्या मंडईत दोघी भेटल्या. मुलगी आता चांगली तिशीची. चुलत भावाच्या लग्नाचं सगळं सांगत सुटली, कोण कोण आलं, कुणाचं जेवण उरलं. आई मेथीच्या जुड्या पारखत होती.

“पैसे अजून मीच सांभाळते,” आई मला म्हणाली. “गिऱ्हाईकानं गोड बोलून मागितलं की ही फुकट देते. पण पोळी बघा हिची. माझ्यापेक्षा पातळ.”

“पातळ नाही, बरोबर,” मुलीने दुरुस्त केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही या ना जेवायला. पण दुपारी या. दोन वाजता आई झोपते, तेव्हा मी जास्त वाढते.”