माझ्या बिडीचा हर्रास

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मी हर्रास पुकारतो. शेतकऱ्याचा माल आडतीसमोर ओतला जातो, ढिगाभोवती खरेदीदार गोळा होतात आणि मी मधे उभा राहून त्यांची बोली वर चढवत नेतो. पुढे कोणी बोलेना झालं की म्हणतो, एक वार, दोन वार, तीन वार. तिसरा वार तोंडातून निघाला की माल विकला गेला. मग खरेदीदार पस्तावो, शेतकरी रुसो, नाहीतर दोघांचे सोयरे मधे पडोत, बोली बदलत नाही. मोंढ्यात कागद मागून होतो, आधी माझं तोंड चालतं.

या तोंडाला दुसरं काम बिडीचं. एका ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंत जायला जेवढी वाट, तेवढी बिडी. बंडल खिशात, पुढची बिडी कानावर. कापसाच्या गाड्या लागल्या की मात्र आत काडी पेटवायची सोय नसे. मग फाटकाबाहेर लिंबाखाली उभं राहून मी एका दमात दोन बिड्यांचा हिशेब मिटवायचो आणि पळत आत यायचो.

आमचं घर मोंढ्याच्या मागच्या भिंतीला लागून. बायकोची कायमची तक्रार होती, "दिवसभर भिंतीपल्याडून आवाज, अन् घरी आले की पुन्हा त्योच आवाज. माणसानं जावं कुटं?" पण तीच बाई माझा दुपारचा शेवटचा हर्रास ऐकून तवा तापत ठेवायची. मी चपला काढून पाय धुईपर्यंत पहिली भाकरी ताटात पडलेली असे. ते श्रेय मी तिला कधी दिलं नाही, कारण तिनेही मला कसलं दिलं नव्हतं.

तुरीच्या हंगामात आवाज बसला. धुळीने बसला म्हणून मी ज्येष्ठमध चघळलं, हळद घालून दूध प्यायलो, कोणी सांगितलं तेवढे काढे घशाखाली उतरवले. हंगाम संपला, आवाज काही उठला नाही. खरेदीदार ढिगाच्या पलीकडून ओरडायला लागले, "काका, जरा मोठ्यानं! बोली कुटं गेली ते कळंना!" तेव्हा लेकीने नांदेडला नेलं. तिचं सासर चुडाव्याचं, तिथून नांदेड जवळ. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून आत बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि नंतर समोर बसवून सांगितलं, की स्वरयंत्रावर गाठ आहे, कॅन्सरची आहे, पण लवकर सापडली. लाईट, म्हणजे किरणांचा उपचार, देऊ. आवाज वाचायची चांगली आशा आहे.

"पण बिडी आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "ओढत राहिलात तर उपचार नीट लागू पडणार नाही. गाठ परत आली तर स्वरयंत्र काढावं लागेल."

"काडल्यावर मी हर्रास कसा पुकारू?"

"नाही पुकारता येणार."

मी घाबरलो. मरणाचं त्या काही बोलल्या असत्या तर मान डोलावून ऐकून घेतलं असतं, मोंढ्यात रोज ऐकतोच. पण मुका होऊन मोंढ्याच्या भिंतीमागे बसायचं, आणि दुसरं कोणी पुकारतंय ते ऐकायचं, ही कल्पनाच सहन होईना. बाहेर येऊन मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर बिडी पेटवली.

गावात बातमी पसरली आणि लोक भेटायला येऊ लागले. आजाऱ्याला भेटायला जाण्यात आमचा माणूस कधी मागे राहत नाही. ओट्यावर बसायचे, सुस्कारा टाकायचे, म्हणायचे, "बिडीनंच घात केला बगा." आणि दुःख अनावर होऊन खिशातून बिडी काढायचे. पेटवली की बंडल सवयीने माझ्यापुढे करायचे. मीही सवयीने घ्यायचो. एक गृहस्थ तर माझ्या गळ्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणत होते आणि त्याच वेळी मला काडी ओढून देत होते. बायको आतून चहा घेऊन आली आणि तो धूर बघून तशीच चहा घेऊन परत गेली.

शेवटची बिडी मी रोज ओढत होतो. सकाळची शेवटची, जेवणानंतरची शेवटची, चहावरची शेवटची.

नांदेडला उपचार सुरू व्हायचे होते. निघायच्या दिवशी गाडीला अवकाश होता म्हणून मी मोंढ्यात सगळ्यांना भेटायला गेलो. बायको पिशवी घेऊन मागोमाग आली आणि एका आडतीच्या पायरीवर बसली. मी बंडल काढून म्हटलं, ही शेवटची. सगळे हसले. हमालांचा मुकादम माझ्याच वयाचा, तोंडाने फाटका. तो म्हणाला, "काका, तुमची शेवटची बिडी आमी लय बगितली. खरंच सोडायची आसंल तर हर्रास करून टाका. माल विकला की तुमचा हात लागत न्हाई त्याला."

मला गंमत वाटली. घसा धरला होता, तरी एका पोत्यावर चढलो, बंडल आणि काडीपेटी वर धरली आणि घोगऱ्या आवाजात पुकारलं, "ऐका हो! एका माणसाची बिडी! या बंडलासकट पुढच्या जन्मभराच्या सगळ्या बिड्या! माल वाळलेला, खडा-काडी न्हाई! बोला!"

पैशाची बोली कोणी लावेना, अशा मालाला पैसा कोण देणार. मुकादम म्हणाला, सगळ्यांना चहा. एक आडत्या म्हणाला, चहा आणि वर नारळ. हरभऱ्याचा एक खरेदीदार चेष्टेने म्हणाला, नारळ आणि टोपलंभर बोरं. मी रंगात आलो. बोली चढायला लागली की मला आजार, गाडी, कशाचंही भान राहत नाही. "बोरांवर कोण? बोरांवर कोण बोलतंय?"

"माजी मिसरी," पायरीवरून आवाज आला.

बायको उभी होती. कमरेची डबी तिने काढून हातात धरली होती. तिची मिसरी म्हणजे काय ते आमच्या घरात कोणालाही विचारा. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून ती डबी भरायची. उठल्यावर, जेवल्यावर, रागावल्यावर, भांडण जिंकल्यावर, तिचं बोट दातांवरून फिरायचंच. बाळंतपणातसुद्धा तिने ती सोडली नव्हती.

"ह्यांची बिडी मी घेतली. बदल्यात माजी मिसरी, कायमची," ती म्हणाली. "बोला आता, कोन पुढं जातंय."

बोरंवाला डोकं खाजवत खाली बघायला लागला. आणि इथेच माझी चूक झाली. दुसऱ्या कोणत्याही माणसाने हसून तो खेळ तिथेच मोडला असता, पोत्यावरून उतरून बंडल खिशात टाकलं असतं. पण पुढे कोणी बोलेना झालं की माझं तोंड मला विचारत नाही. इतक्या वर्षांची सवय. मी काय बोलतोय ते कळायच्या आत बोलून बसलो होतो, "एक वार... दोन वार... तीन वार!"

मुकादमाने टाळी वाजवली. बायको पुढे आली, माझ्या हातातलं बंडल घेतलं, काडीपेटी घेतली, कानावरची बिडी घेतली आणि डबीसकट सगळं गटारात टाकलं. तिच्या मालाचं तिने काय करावं, यावर मी काही बोलूही शकत नव्हतो.

चुडाव्याला लेकीच्या घरी आमचा मुक्काम पडला. रोज सकाळी पॅसेंजरने नांदेडला जायचं, लाईट घ्यायची, परत यायचं. लाईट घेताना तोंडा-गळ्यावर जाळीचा साचा बसवून टेबलाला घट्ट आवळतात. खळ्यातल्या बैलाला मुसकं घालतात, तसा मी पडून असायचो. पुढे पुढे घसा आतून सोलून निघाला. लेकीने केलेल्या येसराच्या आमटीचा वास यायचा आणि माझ्या वाट्याला थंड पेज. बोलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं.

म्हणजे बघा, मी बिडीवाचून तडकलेला आणि मुका. बायको मिसरीवाचून तडकलेली आणि बोलती. असलं एकतर्फी भांडण कोणाच्या वाट्याला येऊ नये. पंखा जोरात का, पंखा हळू का, पाणी सांडलं कोणी, टॉवेल कुठं टाकला. मी हातवारे करून उत्तर द्यायचो, तर म्हणायची, "हात कामून नाचवायलाव? खरं आसंल ते तोंडानं बोला की!" लेकीने तिला ब्रश आणि पेस्ट आणून दिली. पहिल्याच दिवशी थुंकून म्हणाली, "तोंडात साबन घातल्यावानी झालंय." दुपारी दोघंही दोन भिंतींना टेकून एकमेकांकडे शत्रूसारखे बघत बसायचो. लेक बिचारी नातवंडांना म्हणायची, आजोबा-आजीच्या मधून जाऊ नका.

तरी मी बिडीला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंचं भय होतंच, पण त्याहून मोठी अडचण अशी, की ती बिडी माझी नव्हती. जन्मभर मी लोकांना सांगत आलो होतो, की तीन वार झाल्यावर माल आपला नाही. आता स्वतःच विकलेल्या ढिगात हात घालायचा म्हणजे कोणत्या तोंडाने पुन्हा मोंढ्यात उभं राहायचं?

एकदा मात्र कठीण झालं. चुडाव्याच्या स्टेशनवर गाडीला उशीर होता. घसा पेटलेला, रात्रभर थुंकी गिळता आली नव्हती. बाकड्यावर शेजारच्या माणसाने बिडी पेटवली, माझी नजर बघितली आणि आपलेपणाने एक माझ्यापुढे केली. बायको पलीकडे बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. मी बिडी घेतली. बोटांत धरली. तो काडी ओढतच होता, तेवढ्यात माझं लक्ष बायकोकडे गेलं. झोपेतच तिचं बोट तोंडाशी गेलं होतं आणि दातांवरून फिरत होतं, नुसतंच, कोरडं. मग तिला जाग आली. तिने बोटाकडे बघितलं आणि कोणी पाहिलं नाही ना, अशा बेताने ते पदराला पुसलं. मला तिची एवढी माया आली, की काय सांगू.

मी बिडी त्या माणसाला परत दिली. त्याला वाटलं, मला संकोच वाटतोय. तो पुन्हा पुढे करायला लागला. मी मान हलवली, बायकोकडे बोट दाखवलं, बिडीकडे बोट दाखवलं.

"काय म्हनायलेत हे?" त्याने तिला विचारलं.

"बिडी माजी हाय, आसं म्हनायलेत," ती म्हणाली.

त्या माणसाने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मोठ्या अदबीने बिडी तिच्यापुढे केली, "घ्या मावशी." मी इतका हसलो, की घशाच्या दुखण्याने डोळ्यांतून पाणी आलं. तीही हसली. आमचं भांडण मिटलं ते तेव्हाच.

उपचार संपले. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घालून बघितलं आणि म्हणाल्या, "सध्या सगळं साफ दिसतंय. तपासायला येत राहा. आता मोकळेपणाने बोला बघू." मी खाकरलो आणि म्हटलं, "एक वार." आवाज पहिल्यासारखा नव्हता, जरा जाड, जरा फाटका. पण माझा होता. बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं.

सोयाबीनची आवक सुरू झाली तेव्हा मी मोंढ्यात पुन्हा उभा राहिलो. मुकादमाने मला पोत्यावर चढवलं आणि बोरंवाल्याने पहिली बोली लावली. सकाळभर पुकारलं. दोन ढिगांमधली वाट आता लांब वाटते, तिथे मी बडीशेप चघळतो. दुपारी शेवटचा हर्रास करून घरी निघालो, तर मनात आलं, मी सुटलो, पण हिचं काय? माझ्या दुखण्यापायी हिने आपली एकुलती एक चैन गमावली. उपकार ठेवून घेणं माझ्या स्वभावात नाही. वाटेत दुकानातून मिसरीची नवी डबी घेतली. तंबाखू वाईट, हे मला आता कोणी शिकवायला नको, तरीही घेतली.

घरी आलो, पाय धुतले. पहिली भाकरी ताटात होती. मी डबी तिच्यासमोर ठेवली. "घे," म्हटलं, "झालं आता. मी बरा झालो. तुझी मिसरी तुला वापस."

तिने डबी उचलली. झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटून, चांगला खोलवर. मग झाकण लावलं आणि डबी माझ्याकडे सरकवली.

"न्हाई," ती म्हणाली. "किंमत वापस घेतली की माल वापस द्यावा लागतो. मला तुमची बिडी वापस द्यायची न्हाई."

तव्यावरची भाकरी तिने उलटली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आज लय दिसांनी भिंतीपल्याडून आवाज आला. मंग तवा ठिवला."

मी डबी बाजूला सारली आणि पहिली भाकरी मोडली.