विमानातलं सलून

उभा जन्म केस कापण्यात गेला, पण आमच्या ह्यांनी एकाही पोराला ‘हलू नकोस’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मला मात्र बोलतात. डबा द्यायला दुकानात गेले आणि चुकून आरशासमोर उभी राहिले, की लगेच, अगं बाजूला हो, उजेड अडतोय. पण खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तिच्यावर बसवलेलं कार्टं कितीही वळवळू दे, ह्यांचा आवाज कधी चढायचा नाही. ही माया आमच्या वाट्याला का नाही, हे मी विचारून विचारून थकले.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाला लागून. दोन खुर्च्या, त्यातली एक रेक्झिनचं ठिगळ लावलेली. लांबलांबून लोक मुलांना घेऊन इथे येतात, कारण इथे मुलं रडत नाहीत. सगळी पोरं ह्यांना कचमामा म्हणतात. ह्यांची पद्धत अशी, की आधी रिकामी कात्री चालवायची. मुलाच्या कानाजवळ नुसती हवेत कच कच वाजवायची आणि विचारायचं, शेठ, आवाज बरा आहे का? की थोडा मोठा करू? शेठ तीन-चार वर्षांचे. शेठ विचारात पडतात. त्या विचाराच्या भरात खरी कात्री कधी चालली ते कळतच नाही. पाण्याच्या फवाऱ्याची बाटली शेठच्याच हातात असते. ते म्हणतील तेव्हाच फवारा. आरसा भिजतो, भिंत भिजते, कधी मागे बसलेला बापही भिजतो, पण केस कापून होतात.

आणि बापाची दाढी चाललेली बघून जी बारकी माझी पण, माझी पण करतात, त्यांनाही हे परत पाठवत नाहीत. ब्रशने गालाला फेस लावायचा, म्हणायचं गाल फुगवा शेठ, आणि कंगव्याच्या पाठीने तो हलके काढायचा. एक गाल झाला की पाण्याचा एक घोट, मग दुसरा गाल. पाणी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, पाणी पिताना कुणाला रडता येत नाही. बस, एवढंच.

आता आमची नातवंडं. मोठी चार वर्षांची, तिला आम्ही मुकादम म्हणतो. घरात पाऊल टाकल्यापासून कुणी कुठे बसायचं, कुणी कुणाला काय आणून द्यायचं, हे ती ठरवते. दुसरा नुकताच दोन पूर्ण झालेला, तो भोंगा. नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको. माझ्या लेकीने त्याच्यासाठी काय नाही केलं. पण एकदा का त्याने सूर लावला, की शेजारी खिडक्या लावून घेतात.

लेक राहते फार लांब. रेल्वेने यायचं तर निम्मी सुट्टी डब्यातच संपते, म्हणून विमान. या खेपेला येताना भोंग्याने विमानात असा काही गोंधळ घातला, की लेक दारात उभी राहिली ती रडतच. चढताना रडला, मध्ये रडला, आणि विमान खाली उतरायला लागल्यावर तर कान धरून असा किंचाळला, की मागून कुणीतरी म्हणालं, सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला. त्याचं बघून मुकादमही रडली. जावईबापू बिचारे दोघांना दोन खांद्यांवर घेऊन उभे, तर हवाईसुंदरी त्यांना खाली बसा म्हणून सांगत होती. ते चार दिवस राहून कामावर परत गेले. लेक सुट्टीभर राहिली, पण विमानाचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा.

निघायच्या आदल्या आठवड्यात ती भांडी पुसता पुसता म्हणाली, “आई, परत तर जावंच लागेल. पण आता मुलं मोठी होईपर्यंत आम्ही येणार नाही. तुम्हीच या जमेल तेव्हा.”

आम्ही कसले जातो. दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत जातं, आणि माझे गुडघे बाजारापर्यंतसुद्धा कुरकुरतात. मुलं मोठी होईपर्यंत म्हणजे किती वर्षं? तोवर भोंगा मला आजी म्हणेल, की ह्या कोण बाई म्हणेल? मला रात्रभर झोप लागली नाही, आणि हे मात्र नेहमीसारखे घोरत होते, याचा मला जो राग आला तो आला.

सकाळी चहा पिताना ह्यांनी लेकीला सांगून टाकलं, की पोचवायला आम्ही दोघं येतो, मुलांचं मी बघेन. दुकानाचं काय, म्हणून मी तोंड उघडणार तोच ह्यांनी हात वर केला आणि लेकीला म्हणाले, “हा प्रवास नीट झाला, तर पुढच्या सुट्टीत येशील?”

“बघू, बाबा.”

“बघू नको. सांग.”

तिने भोंग्याकडे पाहिलं. तो तेव्हा बशी चाटत बसला होता. “नीट झाला तर येईन,” ती म्हणाली. “पण नाही झाला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

हे हो म्हणाले. जन्मात कधी विमानात न बसलेला माणूस, आणि हिंमत बघा!

निघायच्या दिवशी ह्यांनी एक पिशवी स्वतः भरली. मला बघू दिली नाही. विमानतळावर मोठं सामान आत गेलं, आणि मग त्या तपासणीच्या पट्ट्यावर ह्यांची पिशवी अडकली. काय होतं तिच्यात? अख्खं दुकान. कंगवा, पांढरं कापड, दाढीचा ब्रश, पाण्याने काठोकाठ भरलेली फवाऱ्याची बाटली, आणि कात्री! दुकान उघडलं तेव्हा घेतलेली, रोज धार लावून लावून निमुळती झालेली कात्री. मी डोक्याला हात लावला. अहो, कात्री घेऊन विमानात कुणी चढतं का? पण एरवी हे कुठेही निघाले तरी कात्री खिशात, आज पिशवीत, एवढाच फरक. तपासणीवरचा माणूस भला होता. म्हणाला, मामा, मोठ्या बॅगेत टाकली असती तर चाललं असतं, आता ती बॅग गेली. ही इथेच राहणार. बाटलीतलं पाणीही ओतून टाकायला लावलं. रिकामी बाटली तेवढी परत दिली.

ह्यांनी कात्री एकदा उघडली, मिटली आणि ट्रेमध्ये ठेवली. चेहरा पडला होता. लेक माझ्या कानात म्हणाली, झालं, संपलं. मलाही तसंच वाटलं. या माणसाचं सगळं कसब त्या कात्रीत, आणि तीच गेली.

विमानात तीन खुर्च्या इकडे, तीन तिकडे. हे कडेला बसले, मधे मुकादम, खिडकीशी भोंगा. लेकीला आणि मला ह्यांनी पलीकडे बसवलं आणि लेकीला सांगितलं, तू फक्त चहा प्यायचा. पुढच्या खुर्चीत एक भरदार गृहस्थ होते, डोक्यावर एक केस नाही. त्यांनी वळून मुलांकडे पाहिलं, हवाईसुंदरीला बोलावलं आणि दुसरी जागा आहे का विचारलं. नव्हती. कपाळाला आठ्या घालून ते पुन्हा सरळ बसले. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

विमान धावायला लागलं तसा ह्यांनी मधल्या वाटेवरून माझा हात धरला. हात बर्फासारखा गार. माणूस आतून टरकलेला होता, आणि हे फक्त मला कळत होतं. तिकडे भोंग्याचा ओठ बाहेर यायला लागला. लेकीने डोळेच मिटून घेतले.

आणि ह्यांनी माझा हात सोडला, दोन बोटं उघडून भोंग्याच्या कानाजवळ नेली आणि जिभेने आवाज काढला. कच. कच कच. म्हणाले, “शेठ, आवाज बरा आहे का? की थोडा मोठा करू?”

भोंग्याचा ओठ होता तिथेच थांबला. त्याने विचार केला. म्हणाला, “मोथा.”

बस, दुकान उघडलं! पट्टा बांधलेलाच होता, त्यावरून गळ्याभोवती पांढरं कापड आलं. रिकाम्या बाटलीतून नुसती हवा फुसफुसायची, तरी भोंगा दर वेळी डोळे मिटून घेत होता. विमान वर कधी गेलं ते त्याला कळलंच नाही. मग मुकादमचा नंबर. पण मुकादम गिऱ्हाईक थोडीच होणार! तिने कंगवा काढून घेतला आणि आजोबांनाच कापडात गुंडाळलं. ह्यांच्या उरल्यासुरल्या केसांचा तिने असा भांग पाडला, की मला तोंडाला पदर लावावा लागला. हे मात्र गंभीर. मधूनच विचारायचे, मालक, मागून जास्त तर नाही ना कापले? मालक म्हणायची, गप बसा, हलू नका. बघा, कचमामांना हे ऐकवणारी शेवटी भेटली.

मागच्या रांगेतला एक मुलगा येऊन उभा राहिला, मग त्याची बहीण. मुकादमने त्यांना रांगेत उभं केलं. हवाईसुंदरी आली. मला वाटलं, आता रागावणार. तिने फक्त वाट मोकळी ठेवायला सांगितली, आणि जाताना आपल्या केसांना एक कच करून घेतली. रांग संपली तेव्हा मुकादम खुर्चीवर उभी राहून पुढे डोकावली आणि त्या गृहस्थांना विचारलं, तुमचे कापायचे का? मग नीट बघून स्वतःच म्हणाली, “इथे तर आधीच कापलेत.”

लेकीच्या हातातला चहा हिंदकळला. मी तर खाली कुठे लपू म्हणत होते. पण ते गृहस्थ पोट धरून हसले. म्हणाले, मग चंपी तरी करून दे. तिने दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर तबला वाजवावा तशी चंपी केली, आणि ते खरंच डोळे मिटून बसले.

पण खरी परीक्षा उतरतानाच होती. तिथेच गेल्या खेपेला सगळं बिनसलं होतं. पट्टे बांधायला सांगितलं, मुलं आपापल्या जागी गेली. विमान खाली यायला लागलं आणि माझ्याही कानात दडे बसले. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे दोन्ही कान दाबून बसलेले. चेहरा पांढराफटक. मी हाक मारली, ऐकू गेली नाही. भोंग्याने कान धरला. ओठ बाहेर आला, छाती भरली. कचमामा जागेवर होते, पण असून नसल्यासारखे. लेक पट्टा सोडून उठायला लागली, तर लांबून हवाईसुंदरीने बसा म्हणून खुणावलं. एवढं सगळं होऊन शेवटच्या घटकेला हातचं जाणार, मुलं जाणार, आणि आपण नुसत्या बघत बसणार!

तेवढ्यात मुकादमने ब्रश उचलला. भोंग्याच्या गालावर गोल गोल फिरवला, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग कंगवा उलटा धरला.

“शेठ, गाल फुगवा.”

भोंग्याने भरलेला श्वास गालांत घेतला. तिने कंगव्याची पाठ फिरवली, हवाईसुंदरीने दिलेली पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली आणि म्हणाली, आता एक घोट. मग दुसरा गाल, मग घोट. मग मिशा काढायच्या म्हणून मोठ्ठा आ करायला लावला. भोंगा गिळत होता, फुगत होता, आ करत होता. असं केल्याने कान मोकळे होतात, हे आम्हाला उतरल्यावर हवाईसुंदरीने सांगितलं. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सुट्टीभर आजोबांच्या दुकानात बसलेल्या मुकादमला फक्त एवढंच ठाऊक होतं, की तिथे असंच करतात. त्याचं झाल्यावर तिने आजोबांचे कानावरचे हात खाली ओढले आणि त्यांचीही दाढी करायला घेतली. चाकं जमिनीला टेकली तेव्हा हे गाल फुगवून बसले होते, आणि भोंगा त्यांच्याकडे बघून खिदळत होता.

मला रडू आलं. आलं तर आलं, कुणाची चोरी आहे? त्या गृहस्थांनी आमच्या बॅगा वरून काढून दिल्या आणि मुकादमला वाकून नमस्कार केला.

सामानाच्या पट्ट्यापाशी आम्ही उभे होतो. जावईबापू न्यायला आलेले काचेपलीकडून हात हलवत होते. लेक ह्यांच्याजवळ गेली. म्हणाली, बाबा, पुढच्या सुट्टीत मी आणि मुलं येऊ. आम्ही तिघंच येऊ, तुम्ही न्यायला यायची गरज नाही, आमची मुकादम तयार झालीय.

ह्यांच्या कानात अजून दडे. हात कानामागे धरून म्हणाले, “काय म्हणालीस?”

तिने पुन्हा सांगितलं. ह्यांनी मान हलवली, कळलं नाही. तेव्हा माझी शहाणी, हळू बोलणारी, गेल्या खेपेला लोकांच्या नजरांनी मेल्याहून मेली झालेली लेक, त्या भरल्या दालनात सगळ्यांच्या देखत ओरडली, “बाबा, आम्ही येणार! पुढच्या सुट्टीत येणार!”

सगळे वळून बघायला लागले. ह्यांना ऐकू आलं. त्यांनी खिशाकडे हात नेला, कात्रीसाठी, सवयीने. खिसा रिकामा होता. मग दोन बोटं उघडली आणि हवेतच वाजवली.