शेपटीचा दोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, सुजातालाही नाही, आणि पहिल्या नोकरीतून मला का काढलं हेसुद्धा त्या बाईला माहीत आहे. तुम्हाला सांगतो, पण एका अटीवर. ऐकून झाल्यावर 'जाऊ द्या हो, माणूस आहे, चूक व्हायचीच' असं म्हणायचं नाही. चूक वेगळी. मी जे केलं ते पूर्ण शुद्धीत केलं, भर दुपारी, दहा मिनिटांत दोनदा.

लंडनजवळ — म्हणजे आमच्या ओंटारियोतल्या लंडनजवळ, राणीच्या नव्हे — मक्याच्या शेतांमध्ये एक गवताची धावपट्टी आहे. दर उन्हाळ्यात तिथे जुन्या विमानांचे मालक जमतात. कोणी दोनशे मैलांवरून उडत येतं, कोणी शेजारच्या गावातून. गवतात ओळीने विमानं उभी करतात, सकाळी पॅनकेक खातात आणि दिवसभर एकमेकांच्या इंजिनांत डोकं घालून बसतात. मी तिथे हॅरल्डबरोबर जायचो.

हॅरल्ड आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेला, विधुर, हे घडलं तेव्हा वय शहात्तर. त्याच्या गॅरेजमध्ये गाडीच्या जागी विमानाचा पंख पडलेला असायचा. एका हिवाळ्यात त्याच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून दिला, त्याने आत बोलावलं आणि हातात सॅंडपेपर दिला. मी अडकलोच. चार हिवाळे आम्ही ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं दोन सीटचं विमान थोडं थोडं दुरुस्त केलं, उन्हाळ्यात तो ते उडवायचा. लाकूड घासलं, पंखांवर नवं कापड चढवलं, ते सुईदोऱ्याने शिवलं. विमान त्याचं. मी हेल्पर. हे त्यानेही मला कधी जाणवू दिलं नाही आणि मीही मंडळातल्या लोकांना कधी कळू दिलं नाही. मराठी मंडळात मी सरळ 'आमचं विमान' म्हणायचो. गणपतीच्या जेवणावळीत तर एकदा 'माझं' म्हणून गेलो.

इथेच गाडी अडते बघा — नेहमी इथपर्यंत येतो आणि मग दुसरंच काहीतरी सांगत बसतो. पॅनकेकचं वगैरे. आज नाही बसणार.

त्या विमानाला स्टार्टर नव्हता. पुढे उभं राहून नाकावरचा पंखा हाताने फिरवायचा. तो फिरवताना आत कोणी नसायचं, म्हणून चाकांपुढे लाकडी ठोकळे आणि शेपटीला दोर. दोराचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या खुंटीला. दोर बांधायचं काम माझं. आणि पंख्याला हात लावण्याआधी हॅरल्ड मोठ्याने विचारायचा, "टेल टाइड?" — शेपटी बांधली का? मी "टाइड" म्हटल्याशिवाय तो हात लावत नसे. चार वर्षांत एकदाही नाही. जन्मभर पोरांना करवतीजवळ उभं केलेला माणूस तो, एकाचंही बोट जाऊ दिलं नव्हतं. विचारायचं म्हणजे विचारायचंच.

दोन हजार सात-आठचा तो उन्हाळा. त्या दिवशी मी मंडळातली आठ-दहा माणसं बोलावली होती, 'आमचं विमान' दाखवायला. हॅरल्डने सगळी तयारी केली, मी दोर बांधला आणि तो वॉशरूमला गेला. तेवढ्यात ही मंडळी आली. फोटो काढायचे ठरले. विद्याताई — मंडळाच्या अध्यक्षीणबाई, त्यांच्या जिभेला हाड नाही — म्हणाल्या, "अहो भाऊजी, हे म्हशीसारखं दाव्याला काय बांधून ठेवलंय? पळून जातंय होय?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि दोर सोडला.

मग रुबाबात आत जाऊन बसलो, थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या दांड्यावर, हात ठेवला, फोटो झाले. माझ्या हाताने ते थ्रॉटल पुढे सरकलं असावं. असावं काय, सरकलंच. दुसरं कोण बसलं होतं आत?

हॅरल्ड परत आला. त्याने मंडळींना हसून नमस्ते केलं आणि सगळ्यांना प्रेक्षकांच्या दोरीमागे लांब उभं राहायला सांगितलं. तो पंख्यापाशी गेला, मी शेपटीपाशी. दोर गवतात पडला होता, मला तो दिसत होता. बांधायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. पण मग 'थांब हॅरल्ड, मी सोडला होता' असं म्हणावं लागलं असतं, वाकावं लागलं असतं, आणि तिकडे सगळे बघत होते. 'आमच्या विमाना'चा मालक म्हशीचं दावं बांधताना!

"टेल टाइड?" हॅरल्डने विचारलं.

"टाइड," मी म्हणालो. म्हटलं, दोन्ही हातांनी धरीन.

तुम्ही कधी सुरू झालेलं विमान हातांनी धरलंय? इंजिन पहिल्याच झटक्यात गर्जलं, ठोकळ्यांवरून चाकं टुणकन उडाली आणि शेपटी माझ्या हातातून निसटली. हॅरल्डने बाजूला उडी घेतली म्हणून वाचला. ते रिकामं विमान गवतात अर्धवर्तुळ काढत गेलं आणि शेजारच्या निळ्या विमानाच्या पंखात घुसलं. कोणाला काही झालं नाही. हॅरल्डचं कोपर तेवढं सोलवटलं.

ही झाली पहिली. दुसरी खरी.

माणसं धावत आली. हॅरल्ड गवतात बसला होता, कोपराला रुमाल लावून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आय आस्क्ड यू. डिडन्ट आय?"

त्याला खात्री होती. नव्वद टक्के तरी होती. उरलेले दहा टक्के माझ्या हातात होते.

"नो, हॅरल्ड," मी म्हणालो. "नॉट धिस टाइम."

ते शेवटचे तीन शब्द माझी कारागिरी. नुसतं 'नो' म्हटलं असतं तर तो भांडला असता. 'या वेळी नाही' म्हटल्यावर कसा भांडणार? त्याने मान हलवली. चेहरा असा झाला — नाही, तो चेहरा मी तुम्हाला देणार नाही. तो माझ्यापाशी राहू दे.

'मीच विचारायला विसरलो,' असं हॅरल्डने तिथेच सगळ्यांना सांगितलं. निळ्या विमानवाल्याची माफी मागितली. मुलीला, जॅनेटला, त्याने स्वतः फोन करून कळवलं. डॉक्टरने तपासण्या केल्या, काही निघालं नाही. पण डॉक्टर काय सांगणार? हॅरल्डचा हॅरल्डवर विश्वास उरला नव्हता. दुरुस्ती करून विमान अल्बर्टातल्या एकाला देऊन टाकलं. पुढच्या वर्षी गाडी चालवणं सोडलं. स्टोव्हपाशी, दारापाशी, गोळ्यांच्या डबीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मला विचारायचा, हे तुला मी आधी सांगितलं का? सांगितलेलं नसायचं. एकदाही नसायचं. माझ्या मुलीचा वाढदिवस त्याच्या लक्षात असायचा, माझ्या नसायचा.

मी जात राहिलो. ग्रोसरी आणून द्यायचो, दवाखान्यात न्यायचो. पाप फेडायला जात होतो असं समजू नका. मला तो आवडायचा, इतकंच.

आता तुमच्या मनात काय चाललंय ते मला माहीत आहे. त्या गोऱ्या लोकांत एकटा सावळा माणूस, घाबरणारच! नका म्हणू. त्यांनी मला कधी परकं केलं नाही, माझे पॅनकेक वेगळ्या तव्यावर, बिनअंड्याचे करायचे. मी घाबरलो ते आमच्या विद्याताईंना. की असं म्हणायचंय, म्हातारा उडत राहिला असता तर कधीतरी पडलाच असता, तुम्ही एका अर्थी वाचवलंतच? हे मी स्वतःलाच सांगून पाहिलंय. ऐकायला गोड आहे, आणि साफ खोटं आहे. हॅरल्ड उत्तम उडवायचा. ऐंशीपर्यंत उडवलं असतं.

नंतर का नाही सांगितलं? पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर मूर्ख ठरलो असतो. पहिल्या वर्षात, खोटारडा. चार वर्षांनी काय ठरलो असतो त्याला माझ्याकडे शब्द नव्हता, म्हणून गप्प बसलो. ही सबब नाही. झालं तसं सांगतोय.

चार वर्षांनंतरच्याच हिवाळ्यात तो गेला, हृदय बंद पडून. डोकं शेवटपर्यंत शाबूत. चर्चच्या बेसमेंटमध्ये सॅंडविच आणि कॉफी होती. जॅनेट मला एका कोपऱ्यात घेऊन गेली. आसपास कोणी नव्हतं, तिला घाई नव्हती, मलाही नव्हती. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, त्या वेळी आम्ही सगळेच डॅडला समजावत होतो, असू दे, होतं असं. तू एकट्याने त्याला तोंडावर खरं सांगितलंस. तुला किती जड गेलं असेल. थँक यू.

मी तिच्या डोळ्यांत बघितलं.

"यू आर वेलकम, जॅनेट," मी म्हणालो.