नाकातली वाळी

माझ्या नाकाकडे कोणी टक लावून पाहिलं की आजही माझं डोकं फिरतं. खरं तर आता तिथं पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. डाव्या नाकपुडीला मोहरीएवढं भोक आणि हनुवटीवर हिरव्या गोंदणाचा एक ठिपका, बस्स. पण माणसं बघतात. बघतात, मग पर्वतीकडे बघितल्यासारखं करतात आणि पुन्हा बघतात. अहो, विचारायचं असेल तर एकदाचं विचारा ना! मी काही खाणार नाही.

माझ्या आधी आईला झालेली मुलं जगली नाहीत. कोणी पाचवीसुद्धा पाहिली नाही, कोणी रांगायला लागलं आणि गेलं. सगळे मुलगे. माझ्या वेळी ती देवापुढं अडून बसली, "माझं हे एक तरी वाचू दे." धन नको, मान नको, नुसतं वाचू दे. आणि मग सगळा भार देवावर न टाकता तिनं आपलाही बंदोबस्त केला. पाच घरी पदर पसरून तांब्याच्या तारेचे तुकडे मागितले, सोनाराकडून त्यांची वाळी वळवून घेतली आणि बाराव्या दिवशी माझं नाक टोचलं. पुढं गावात गोंदणारीण आली तेव्हा हनुवटीवर ठिपकाही काढून घेतला. यम दाराशी आला तर त्याला वाटावं की ही पोरगी आहे, आणि त्यानं आल्या पावली परत जावं. पोरगी फुकट दिली तरी यमालाही नको, असा त्यातला हिशेब. मला तो कधीच पटला नाही. पण मी जगलो, हेही खरं.

बाकीच्या नवसाच्या मुलांची वाळी मुंजीत उतरते. माझीही उतरवली होती. मांडव निघायच्या आत मला असा ताप भरला की घरातले पाहुणे हळूच एकमेकांकडे पाहू लागले. दादा, म्हणजे माझे वडील, गावचे जोशी. ते पंचांग उघडून बसले. आई उठली आणि कोणाला न विचारता तिनं वाळी परत माझ्या नाकात अडकवली. ताप उतरला. वैद्य म्हणाले, माझ्या काढ्यानं उतरला. आईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते बिचारे ताकही न पिता गेले. त्यानंतर अख्ख्या कोथरुडात माझ्या वाळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

गावात होतो तोवर ठीक होतं. पण माझं मोडी अक्षर वळणदार होतं, आणि त्या अक्षरापायी मी पुण्यात सरकारच्या फडात कारकून म्हणून लागलो. फड म्हणजे कचेरी. सरकारवाड्यातच एका लांबट दालनात आम्ही ओळीनं मांडी घालून बसायचो आणि दिवसभर पत्रांच्या नकला करायचो. गावाहून भल्या सकाळी निघायचं, शेतांतून चालत यायचं, नदी ओलांडायची आणि घामाघूम होऊन बोरू हातात घ्यायचा. हात लिहीत असायचा आणि नसला की वाळीशी खेळत असायचा. अस्वस्थ झालो की ती गोल गोल फिरवायची खोडच लागली होती मला.

पहिल्याच दिवशी माझं नाव बुडालं आणि मी 'वहिनी' झालो.

"वहिनी, जरा शाई सरकवता का?"

"अहो हळू बोला, वहिनी लाजतात."

"आमच्याकडे हळदीकुंकू आहे. यायचं हं वहिनी."

"येईन की," मी म्हणायचो, "तुमच्या घरी कर्ता पुरुष कोण हे एकदा ठरू द्या, मग येतो."

असं चिडवणारे चौघे होते. उत्तरं मी चोख द्यायचो, पण ती देता देता आतून जळायचो. आणि गंमत पाहा, त्या चौघांच्याही उजव्या कानात वरच्या बाजूला भिकबाळी लटकत होती! मोत्याची, लाल खड्याची, डौलदार. अरे, भिकबाळी म्हणजे तरी काय? भीक मागून आणलेली बाळी. कधीकाळी कुणाच्या तरी आईनं पोर जगावं म्हणून पदर पसरला असेल. आता ती सराफाकडे मिळते आणि ज्याला परवडते तो घालून मिरवतो. कानात असली की ऐट आणि नाकात असली की तमाशा! सगळ्यांत मोठी बाळी आमचे मुख्य कारकून घालायचे. त्यांना सगळे पंत म्हणत. पंत फारसं बोलत नसत. त्यांच्या बाळीचे मोती मात्र मान हलली की हलत.

एके दिवशी पंतांनी मला बोलावलं. श्रीमंतांना पत्रं वाचून दाखवणारे जे म्हातारे कारकून होते, त्यांना दिसेनासं झालं होतं. पंतांनी माझ्या हातात एक पत्र दिलं आणि म्हणाले, "वाचा." मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आवाज खणखणीत आहे," ते म्हणाले. "अडखळत नाही. येत्या गुरुवारपासून श्रीमंतांपुढं तुम्ही वाचायचं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात त्यांनी बोरूनं माझ्या तोंडाकडे खूण केली.

"फक्त ते."

"ते म्हणजे?"

"अहो, नाकातलं. तिथं परदरबारचे वकील बसलेले असतात. आमच्या फडात पुरुष कमी पडले असं त्यांना वाटायला नको."

"आणि हनुवटीचं गोंदण?"

"ते निघत नाही, म्हणून माफ."

"आणि वाळी नाही काढली तर?"

"तर वाचायला दुसरा मिळेल. मग तुम्ही फडात तरी कशाला हवेत, असा प्रश्न मला पडेल." एवढं बोलून त्यांनी पान लावायला घेतलं.

घरी जाताना मी वाटेत थांबलो, परत फिरलो, पुन्हा निघालो. नदीपाशी तर वाळीचा फासा सैल करून पाहिला. कोणाला कळणार होतं? इथं काढायची, परतताना घालायची. पण हात पुढं जाईना. मी स्वतःला कितीही शहाणा समजत असलो तरी तो ताप मला आठवत होता. आईला भितो की मरणाला, हे माझं मलाच कळेना, आणि त्यामुळं मी आणखीच चिडलो.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणारा हात थांबला.

"आधी मला जाळ," ती म्हणाली, "मग काढ."

"आई, हे काय बोलणं झालं?"

"दुसरं बोलणं मला येत नाही."

मग मी तोंड सोडलं. इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. फडात मला वहिनी म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं, ते सांगितलं. कोण काय बोलतो, कोण माझ्या मागं मुरकत चालून दाखवतो, एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. दादा ओसरीवरून म्हणाले, "तिला कशाला सांगतोस?" आई मात्र शांत ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "राहतात कुठं रे ही माणसं?" मी रागाच्या भरात तेही सांगितलं. हा कसब्यात देवळामागं, तो शनिवारात, ते दोघे एकाच आळीत आणि पंत त्याच आळीच्या तोंडाशी. तिनं मान हलवली आणि भाकरी तव्यावर टाकली.

पुढचे दिवस माझं कशातच लक्ष नव्हतं. ताटावर बसायचो आणि दोन घास खाऊन उठायचो. अंगणात येरझाऱ्या घालायचो. नाक चोळून चोळून लाल झालं होतं. आई एकदा फक्त म्हणाली, "त्या वाळीनं तुला जगवलं, आणि आता तीच तुला खायला निघालीय." मी ठरवलं होतं. गुरुवारच्या आधी पंतांच्या घरी जायचं, हात जोडायचे आणि सांगायचं की मला वाचायचं नाही, मी आपला गावी जाऊन जोशीपण करतो.

बुधवारी सकाळी मी पंतांच्या ओसरीवर बसलो. ते पूजा आटपून आले, सुपारी तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे नाकाकडे.

"अजून आहेच की!"

"तेच सांगायला आलोय," मी सुरुवात केली.

एवढ्यात दारातून हाक आली. "भीक घाला हो माय! पोर जगावं म्हणून बाळी करायचीय."

आवाज ओळखीचा होता. मी मान वळवली. आई! पदराची झोळी करून दारात उभी. माझी आई, जिनं शेजारणीकडून विरजणसुद्धा कधी मागून आणलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

पंतांच्या पत्नी बाहेर आल्या. असली भीक कोणी परत पाठवत नाही. त्यांनी मायेनं विचारलं, "केवढं आहे हो बाळ?"

"हे काय," आई म्हणाली, "तुमच्या ओसरीवर बसलंय."

पंतांना सुपारीचा ठसका लागला. त्यांच्या पत्नींनी तोंडाला पदर लावला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अहो बाई," पंत सावरून म्हणाले, "बाळीच हवी ना? मी करवून देतो की तुमच्या मुलाला. त्यासाठी हे कशाला?"

"दिलेली चालत नाही," आई म्हणाली. "मागितलेलीच लागते. नाकातली मी मागून आणली होती. तुमच्या फडाला नाक चालत नाही म्हणता, तर कानातली पुन्हा मागायला हवी. पाच घरं लागतात. चार झाली, हे पाचवं."

तिनं झोळी जराशी उघडली. आत तांब्याच्या तारेचे दोन-चार तुकडे होते, एक चांदीचं तुटकं कडं होतं. "सगळी तुझ्या फडातलीच घरं आहेत रे," ती आता माझ्याकडे बघून म्हणाली. "बायका मोठ्या चांगल्या आहेत त्यांच्या. एकीनं बसवून दूधही दिलं." मला हसावं की रडावं कळेना. त्या चौघांनी मला वहिनी म्हणून घ्यावं आणि त्यांच्याच बायकांनी माझ्या आयुष्यासाठी झोळीत भीक घालावी!

पंतांच्या पत्नी आत गेल्या आणि तुटलेल्या नथीची सोन्याची तार घेऊन आल्या. ती झोळीत टाकताना म्हणाल्या, "शंभर वर्षं जगो." पंतांचा हात स्वतःच्या कानातल्या मोत्यांकडे गेला होता. मग मला म्हणाले, "गुरुवारी वेळेवर या."

सोनारानं तिन्ही धातू वळून एक ओबडधोबड बाळी केली आणि माझा उजवा कान वर टोचला. मी ओरडलो, तर आई म्हणाली, "बाराव्या दिवशी यापेक्षा कमी रडला होतास."

गुरुवारी सकाळी तिनं मला अंगणात पाटावर बसवलं. वाळी काही निघेना. चोळून चोळून नाक सुजलं होतं आणि ती त्यात रुतली होती. आईनं खोबरेल लावलं, हलकेच फिरवली. तिचे ओठ हलत होते. वाळी निघाली तेव्हा तिनं ती मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावून पाहिली. मग पुन्हा लावून पाहिली. मी पागोटं चढवून निघालो, तर तीही निघाली.

"तू कुठं?"

"वेशीपर्यंत."

वेस आली. ती चालतच राहिली. नदी आली तरी मागं वळायचं नाव नाही. मी दोनदा ओरडलो, "अगं, जा ना परत!" ती माझ्यामागून चालत राहिली आणि वाड्याच्या दरवाज्यासमोर झाडाखाली जाऊन बसली.

आत माझी बोबडी वळली होती. पहिल्या ओळीलाच माझा हात सवयीनं नाकाकडे गेला आणि तिथं काही नव्हतं. मी अडखळलो. पंत खाकरले. मग आवाज लागला आणि मी वाचत गेलो. श्रीमंतांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वकील जांभया देत होते. ज्या नाकासाठी एवढं रामायण घडलं, त्या नाकाशी तिथं कोणाला काही घेणंदेणंच नव्हतं. संपल्यावर श्रीमंत पंतांना म्हणाले, "हाच असू दे." बस्स, एवढंच.

मी धावतच बाहेर आलो. ऊन चांगलंच चढलं होतं. सावली केव्हाची सरकली होती, तरी आई होती तिथंच होती. मला पाहून ती उठली आणि लगबगीनं पुढं आली.

"वाचलास?"

"वाचलास काय विचारतेस! सगळं वाचलं. श्रीमंत म्हणाले, हाच असू दे. आधी जरा अडखळलो, पण मग असा आवाज लागला म्हणतेस..." मी बोलतच सुटलो. तिनं दोन्ही हातांत माझं तोंड धरलं. कपाळ चाचपलं, गाल चाचपले, त्या रिकाम्या नाकावरून अंगठा फिरवला.

"ते नव्हे रे," ती म्हणाली. "तू. तू वाचलास."

आणि ती तिथंच, भर रस्त्यात, मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मूठ उघडली तेव्हा आत वाळी होती. सकाळपासून तिनं ती सोडली नव्हती. तळहातावर तिचा गोल वळ उठला होता. मीही नव्या अंगरख्यानिशी तिच्याशेजारी धुळीत बसलो. दरवाज्यावरचे पहारेकरी बघत होते, येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, म्हटलं.